बिनपोच्याची गाडी

"गाद्या कुठायत?"

खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून सावकाशकाका खोलीच्या मधोमध उभे होते आणि पायाने पलंगाखालची जागा चाचपत होते. जिथे चार जुन्या गाद्या एकावर एक रचलेल्या असायच्या, तिथे पायाला नुसती फरशी लागत होती.

"गादीवाल्याकडे," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"गादीवाल्याकडे? आज?"

"आज नाही, कालच दिल्यात. दगड झाले होते नुसते. कापूस पिंजून उद्या देतो म्हणालाय."

"अगं, उद्या काय गाडीला झोपवायचंय त्यांच्यावर? गारा आज पडणारेत!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वास येतोय."

काकूंनी खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ हिरवट-काळं झालं होतं आणि वारा अचानक पडला होता. बाकी कशातही नवऱ्याला वेड्यात काढायची त्यांची तयारी असे, पण गारांच्या बाबतीत तो माणूस आजवर एकदाही चुकला नव्हता.

काकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत असेल तर शपथ. भेटेल त्याला 'सावकाश' म्हणायची त्यांना सवय. सामान उचलणाऱ्या हमालांना सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हातारीला सावकाश, डोळ्यांत औषध घालणाऱ्या डॉक्टरलाही सावकाश. वीसेक वर्षं त्यांनी एकच पिकअप चालवली. लोकांची कपाटं नेली, फ्रीज नेले, अख्खे संसार एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन ठेवले, एकदा तर सलूनवाल्याचा भिंतीएवढा आरसा नेला. पण गाडीला पोचा म्हणून कधी पडला नाही. 'पोचा' हा शब्दसुद्धा ते असा हळू आवाजात उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी गंभीर आजारी आहे.

ऊन तापायला लागलं की या गावात एक-दोनदा गारा पडायच्याच, आणि गाडी उभी करायच्या जागेवर छप्पर नव्हतं. म्हणून काकांनी स्वतःचा एक बंदोबस्त शोधून काढला होता. आधी टायरच्या जुन्या ट्यूब हवा भरून बॉनेटवर आणि टपावर ठेवायच्या, त्यांच्यावर गाद्या घालायच्या आणि गाडीच्या पोटाखालून दोर घेऊन सगळं करकचून बांधायचं. नुसत्या गाद्या चालत नाहीत. भिजल्या की त्या चपट्या होतात आणि मग गार थेट पत्र्याला भेटते. ट्यूबमुळे मध्ये हवा राहते. गल्लीतली माणसं हसायची. "माझ्या डोक्यावर कधी छत्री धरली नाहीत, पण गाडीला गादी-उशी सगळं आहे," हे काकूंचं दरवर्षीचं वाक्य होतं, आणि ते म्हणता म्हणता दोराचं दुसरं टोक त्याच धरून उभ्या असायच्या.

मग काकांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळला तेव्हा बराच उशीर झाला होता. समोरचं धुक्यातून दिसावं तसं दिसायचं, कडेचं तर काहीच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ बंदी केली, तेव्हा काका डॉक्टरांशी वाद घालतील असं काकूंना वाटलं होतं. ते नुसते घरी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि जेवून झोपले. त्या दिवसापासून गाडी दारात उभी होती. काका रोज तिला हाताने चाचपत पुसायचे.

शेवटी विकायचं ठरलं. गावाबाहेरचा नर्सरीवाला घ्यायला तयार झाला, झाडांची काळजी घेणारा माणूस म्हणून काकांनी त्याला पसंत केलं. "हात फिरवून बघा," काका त्याला म्हणाले होते. "एक जरी पोचा सापडला तर मला नावं ठेवा. बिनपोच्याची गाडी देतोय तुम्हाला." तो उद्या, रविवारी सकाळी गाडी न्यायला येणार होता. गाडी तर हातातून जाणारच होती. निदान जपली तशीच ती दुसऱ्याच्या हाती द्यावी, एवढंच आता काकांना हवं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी काकूंना गाद्या मऊ करून घ्यायची हौस आली होती!

"चादरी आण. गोणपाट आण. काहीही आण," काका म्हणाले.

"चादरीनं काय होणारे, बाबा?" आतल्या खोलीतून त्यांची लेक बाहेर आली. लहानपणी रडायला लागली की चार घरं जागी व्हायची, म्हणून काकांनी तिला भोंगा म्हणायला सुरुवात केली होती. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, तरी घरात भोंगाच होती. तिने खिळ्यावरची किल्ली काढली. "वखारीच्या शेडमध्ये नेऊ. मी घेते गाडी."

"तू?"

"मग कोण? आई?"

हे बोलणं घरात नवं नव्हतं. काकांचे डोळे गेल्यापासून भोंगा म्हणत होती, की दुकान सोडते आणि गाडी मीच चालवते. काका म्हणायचे, नाही म्हणजे नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गोदामाबाहेर तासन्‌तास ताटकळणं, वाटेत कुठेतरी केबिनमध्ये अंग मुडपून झोपणं, माल उतरवून झाल्यावर खुसपट काढणारी माणसं, हे सगळं त्यांनी स्वतः भोगलं होतं. ते लेकीच्या वाट्याला येऊ नये असं त्यांना मनापासून वाटायचं. पण मनापासून वाटलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे लेकीला एवढंच कळलं होतं, की बाबांचा आपल्यावर भरवसा नाही.

शेजारच्या शिंप्याच्या पत्र्यावर ठण्णकन पहिली गार पडली.

"जा हो आता!" काकूंनी नवऱ्याला अक्षरशः ढकलत नेऊन डाव्या सीटवर बसवलं. "उद्या नर्सरीवाल्याला काय दाखवणार आहात, तुमचा हट्ट?"

गाडी सुरू झाली. काकांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. डाव्या बाजूला बसायची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि पायांना काही कामच नसल्यामुळे ते उगाचच जमिनीवर दाबले जात होते.

"हळूहळू सोड क्लच. आता दुसरा टाकताना जरा..."

या गाडीचा दुसरा गिअर जरा तऱ्हेवाईक होता. तिसऱ्याकडे जरासं ढकलून, क्षणभर थांबून, मग मागे ओढायचा. नाहीतर दात खाल्ल्यासारखा आवाज करायचा. गॅरेजवाल्यालाही तो कधी एका दमात जमला नव्हता. काका हे सगळं सांगणार होते, तोवर भोंग्याने तो टाकलासुद्धा. लोण्यासारखा पडला.

मग गारांनी जोर धरला. आधी बोरांएवढ्या होत्या, वळण घेईपर्यंत लिंबाएवढ्या झाल्या. केबिनमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. काकांना दिसत फारसं काही नव्हतं, पण कोणती गार कुठे बसतेय ते कानांना कळत होतं. ही टपावर बसली. ही बॉनेटच्या उजव्या कडेला. हा फुटल्याचा आवाज, म्हणजे डावा आरसा गेला. प्रत्येक आवाजासरशी त्यांचं अंग आखडत होतं.

"पोचलो का?"

"समोर दिसतेय शेड," भोंगा ओरडून म्हणाली, आणि तिने ब्रेक दाबला.

"अगं, थांबलीस का?"

"बसस्टॉपवर माणसं आहेत, बाबा."

"मग?"

"स्टॉपला वर पत्राच नाहीये. बायका आहेत. एकीच्या कडेवर तान्हं बाळ आहे."

"शेड समोर आहे ना! आधी गाडी आत घाल, मग बघू!"

"तोवर डोकी फुटतील त्यांची."

"भोंग्या, चल म्हणतो ना मी! उद्या गाडी द्यायचीय!"

"बाबा," भोंगा म्हणाली, "गाडी कोण चालवतंय?"

हे वाक्य काकांचंच होतं. वीस वर्षं शेजारी बसून काकू म्हणायच्या, अहो हॉर्न वाजवा, अहो तो रिक्षावाला बघा, आणि काका दरवेळी म्हणायचे, गाडी कोण चालवतंय? चालवणाऱ्याला शिकवायचं नसतं. आता ते ऐकायची पाळी आपल्यावर आली हे त्यांच्या लक्षात आलं.

भोंग्याने दार उघडलं, डोक्यावर पायपुसणं धरून ती मागे धावली. "चढा, चढा मागं! ताडपत्रीखाली बसा! मावशी, बाळ इकडं द्या!" तिचा तो आवाज गारांच्याही वर ऐकू येत होता. गाडी उघड्या रस्त्यावर उभी, आणि वरून मार चाललेला. काका एकटेच केबिनमध्ये बसून तो मोजत होते, मग त्यांनी मोजायचं सोडून दिलं. दार पुन्हा उघडलं आणि त्यांच्या मांडीवर कुणीतरी काहीतरी ओलं, गरम ठेवलं.

"धरा," भोंगा म्हणाली. "आई मागं चढतेय त्याची."

बाळ होतं. काकांनी डॅशबोर्ड सोडला आणि त्याला दोन्ही हातांनी धरलं.

शेड हाकेच्या अंतरावर होती. दुसऱ्या कुणी गाडी सुसाट आत घातली असती. भोंग्याने मात्र मागे माणसं बसली आहेत म्हणून पहिल्या गिअरवर, खड्डा चुकवत, इतक्या हळू नेली की वाटेत आणखी शंभर गारा बसल्या असतील. काका चालवत असते तर त्यांनीही अशीच नेली असती. पण आपण मुळात थांबलो असतो का, हा प्रश्न त्यांना तेवढ्यात पडला, आणि त्याचं जे उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही.

वखारीच्या शेडमध्ये सगळे उतरले. बाळाची आई बाळ घेऊन गेली. "ड्रायव्हरताई, फार उपकार झाले," असं कुणीतरी म्हणालं. कपाळावर टेंगूळ आलेले एक आजोबा काकांना म्हणाले, "लेक का तुमची? बरी आहे हो." काका हो म्हणाले. मग ते चाचपत बॉनेटपाशी गेले आणि त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला.

एक पोचा. त्याच्या शेजारी दुसरा. बोटं जातील तिथे खळगा होता. बॉनेट झालं, टप झाला, दाराची वरची कड झाली. मोडलेल्या आरशाची नुसती चौकट हाताला लागली. भोंगा मागे उभी होती, तिचं नाक ओढणं त्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, चुकलंच माझं. तुमचं एवढंच मागणं होतं."

काकांना फार वाईट वाटत होतं, ते खोटं कशाला बोला. पण त्यांनी विचारलं भलतंच.

"दुसरा गिअर कुणी शिकवला?"

भोंग्याने बाहीला नाक पुसलं.

"गॅरेजवाल्याला येत नाही तो. कुणी शिकवला?"

"आईनं."

"तिला गाडी येत नाही!"

"चालवता येत नाही. पण तुम्ही कसा टाकता ते सगळं पाठ आहे तिला. शेजारी बसते आणि सांगते. आता ते मान जराशी वाकडी करतात, आता ओठ चावतात, मग टाकतात. तसं करून बघितलं आणि पडला."

"कधी चालतं हे?"

"सकाळी. तुम्ही सलूनवाल्याकडं पेपर ऐकायला जाता तेव्हा. उतारावरून गाडी नुसती सोडायची आणि मागच्या रस्त्याला गेलं की चालू करायची. म्हणजे तुम्हाला आवाज नको. लायसन्स पण काढलंय, बाबा. रीतसर."

सलूनवाला रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा. हल्ली तो बातम्या संपल्या तरी थांबत नसे. हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती, कांद्या-बटाट्याचे भाव, परवाचं हवामान, सगळं मोठ्यांदा वाचायचा. काकांना वाटायचं, किती मायाळू माणूस आहे.

"म्हणजे तो हरामखोर पण सामील होता," काका म्हणाले.

"सगळी गल्ली सामील होती," भोंगा म्हणाली. "शिंपी धक्का मारायचा."

बाहेर गारा थांबल्या होत्या. काका हसले की काय, हे अंधाऱ्या शेडमध्ये भोंग्याला नीट दिसलं नाही. ते डाव्या बाजूने चढून बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी तिला एकही सूचना केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीवाला आला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने कपाळावर हात मारला.

"अरेरे, काका! कांजिण्या आल्यात की हो गाडीला."

"आल्यात," काका ओट्यावरून म्हणाले.

"पण असू दे. इंजिन उत्तम आहे, तुमच्या हातची गाडी आहे. माझी रोपं काय पोचे बघणारेत? नेतो मी."

"नाही जमायचं."

"म्हणजे?"

"मी तुम्हाला बिनपोच्याची गाडी देतो म्हणालो होतो. ही ती नाही."

"अहो, मला चालतंय ना."

"तुम्हाला चालत असेल, मला नाही चालत. असली ठोकलेली गाडी लोकांच्या गळ्यात मारायची? उद्या तुम्ही चारचौघांत सांगाल, सावकाशनं फसवलं. एवढी वर्षं नाव कमावलं ते काय यासाठी?"

"मी कशाला सांगेन असं?"

"माणसाचं काय सांगावं," काका गंभीरपणे म्हणाले.

काकू चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. भोंगा चहाचे कप घेऊन दारात आली होती ती तिथेच थांबली. नर्सरीवाला काही खुळा नव्हता. त्याने एकदा काकांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि चहाचा कप तिच्या हातातून स्वतःच घेतला.

"मग या असल्या गाडीचं तुम्ही आता करणार तरी काय?"

"काय करणार! आलीया भोगासी. वापरायची घरच्या घरी," काका म्हणाले. "ड्रायव्हर आहे घरात."

भोंगा वळून आत गेली. जिचं रडणं लहानपणी चार घरांना जागं करायचं, ती उशीत तोंड खुपसून इतकी हळू रडली, की कुणाला पत्ता लागला नाही. फक्त काकूंना लागला, आणि त्याही तिथेच जाऊन बसल्या.

"बुधवारी माझी रोपं पोचवायची होती एका ठिकाणी," बाहेर नर्सरीवाला म्हणत होता. "येईल का तुमची गाडी?"

"मला काय विचारता? ड्रायव्हरला विचारा."

बुधवारी सकाळी काका नेहमीसारखे धुतलेला सदरा घालून तयार झाले. पेपर ऐकायला गेले नाहीत. सलूनवाला मात्र दारात येऊन उभा होता, शिंपीही होता, आणि दोघंही काकांची नजर चुकवत होते. काकांना ती चुकवलेली दिसतही नव्हती, पण त्या दोघांना सवय लागली होती.

काकूंनी डाव्या सीटवरची धूळ पदराने झटकली.

"ही माझी जागा आहे, लक्षात ठेवा. वीस वर्षांची आहे. तुम्हाला देतेय ती अशीतशी नाही. या जागेवर बसायचं तर तोंड बंद ठेवायचं. ड्रायव्हरला शिकवायचं नाही."

"तू कधी ठेवलंस बंद?"

"म्हणून तर तुमची लेक शिकली."

काका पोच्यांवरून हात फिरवत पुढून वळसा घालून आले, दार उघडून चढले. दोन्ही हात आधी हवेत वर गेले, जिथे स्टिअरिंग असायचं तिथे. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. भोंग्याने हे बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवून गाडी सुरू केली.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. इथून डावीकडे वळायचं असलं की कडेने सायकली घुसतात, त्यासाठी डावा आरसा फार कामाचा. पण त्याची काच अजून मिळाली नव्हती. नुसती चौकट होती.

"बाबा," भोंगा म्हणाली, "डावीकडून येतंय का कुणी?"

कडेचं काकांना काही दिसत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे काकांनाही ठाऊक होतं. त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मागच्या बाजूला कान दिला. शिंप्याचं मशीन चालू होतं. कुणीतरी अंगण झाडत होतं. आणि त्या सगळ्याच्या मागून ढिल्या मडगार्डचा खडखडाट जवळ येत होता.

"थांब. सायकल आहे एक."

सायकल खडखडत कडेने आली, त्यांच्या कोपराजवळून गेली, रस्त्याला लागली. काकांनी आणखी जरा वेळ ऐकलं. घाई कसली होती?

"हां, आता घे," ते म्हणाले.

भोंग्याने गाडी वळवली. वळण कधीच मागे पडलं, गाडी मोठ्या रस्त्याला लागली, तरी काकांचं डोकं खिडकीबाहेरच होतं.